सांभाळायला दिलेलं म्हातारं तट्टू परत आणताना

तट्टू खंगतंय हे आधी पाठीवर दिसतं, पोटावर नाही. भाताच्या पेंढ्यावर ठेवलेल्या वीस-बावीस वर्षांच्या तट्टाचं पोट उलट मोठंच दिसतं. पेंढा निकस, पचायला वेळ घेणारा, त्यामुळे आतडी सतत भरलेली राहतात; जोडीला जंत असले की पोट आणखी सुटतं. समोरून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि मालक खूश होतो, चांगलं गुटगुटीत दिसतंय म्हणून. मागे जाऊन उभं राहिलं की खरा प्रकार कळतो: कण्याची धार वर आलेली, ढुंगणाची हाडं टोकदार, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे. म्हणून बघायला जाल तेव्हा हात आधी, डोळे नंतर. बोटं सपाट ठेवून बरगड्यांवरून फिरवा. हलक्या दाबाने बरगडी लागली तर ठीक. न दाबताच धुण्याच्या फळीसारखी लागली तर परत आणायच्या तयारीला लागा. अंगावर केस वाढलेले असताना तर फोटोवर मुळीच विसंबू नका.

गोव्यात घोडा तसा पाहुणाच. डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या शिगम्यात घोडेमोडणीचे लाकडी घोडे कमरेला बांधून दिमाखात नाचवतात. जिवंत घोड्याचा नालबंद, चारा आणि डॉक्टर मात्र बहुतेक वेळा घाटावरून आणावा लागतो. मुलं मोठी झाली, घर विकलं, नोकरी बदलली की तट्टू कुणाच्या तरी बागायतीत, रिसॉर्टच्या मागे नाहीतर किनाऱ्यावर फेऱ्या मारणाऱ्याकडे "सांभाळायला" जातं. कागद बहुधा नसतोच.

अशी घरं का बिघडतात हे समजून घेतलं तर भांडण निम्मं कमी होतं. गाय अर्धेलीने दिली तर सांभाळणाऱ्याला दूध मिळतं, वासरात वाटा मिळतो. म्हाताऱ्या तट्टाकडून त्याला काय मिळतं? पहिलं वर्ष मुलांची हौस. पुढे खर्च वाढत जातो, कारण दात झिजले की चारा मऊ करून द्यावा लागतो, आणि उपयोग कमी कमी होत जातो. मग खर्च भरून काढायला ते वरातीला जातं, डीजेच्या भिंतीसमोर दोन-दोन तास उभं राहतं, पर्यटकांच्या पोरांना पाठीवर घेतं. यात दुष्टपणा क्वचितच असतो. रोज पाहणाऱ्याला दर महिन्याला तीन-चार किलोने उतरणारं वजन दिसतच नाही. तुम्हाला दिसतं, कारण तुम्ही सहा महिन्यांनी जाता. या फरकावर आवाज चढवून उपयोग नाही, टेप काढून उपयोग आहे.

दोन मापं घ्यायची. छातीचा घेर: पुढच्या पायांच्या लगेच मागून आणि वर आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या मागून, तट्टाने श्वास सोडल्यावर. लांबी: खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत, सरळ रेषेत. सेंटीमीटरमध्ये घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११८८०, म्हणजे किलोत अंदाजे वजन. समजा पूर्वी घेर १४६ आणि लांबी १३४ होती, म्हणजे वजन २४० किलो. आज लांबी तेवढीच आहे, घेर १३८ भरतो: २१५ किलो. घेरातले आठ सेंटीमीटर म्हणजे पंचवीस किलो, अंगाचा दहावा हिस्सा. शिंप्याचा टेप १५० सेंटीमीटरचा असतो, तो या मापाच्या तट्टाला जेमतेम पुरतो. त्याहून मोठ्या जनावराला न ताणणारी सुतळी गुंडाळून, गाठ मारून ती जमिनीवर मोजा. माप घेताना टेप केसांवर घट्ट बसेल इतकाच ओढा. रागाच्या भरात आवळून ओढला की पाच किलो आपोआप कमी होतात आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

शरीराच्या भरणीला १ ते ९ गुण देण्याची अमेरिकी अश्वतज्ज्ञ हेनेकी यांची पद्धत १९८३ पासून जगभर वापरात आहे. मान, खांद्यामागची जागा, बरगड्या, पाठ, शेपटीचं मूळ असं हाताने चाचपून गुण द्यायचे. ५ उत्तम. ४ असेल तर म्हाताऱ्या जनावराच्या चाऱ्यात सुधारणा करा आणि महिनाभर लक्ष ठेवा. ३ असेल तर डॉक्टर आणि परत आणण्याचं ठरवणं, दोन्ही त्याच आठवड्यात. २ किंवा त्याखाली असेल तर ते उपासमारीचं जनावर आहे, आणि त्याला घरी आणल्यावर जे खायला घालाल त्यानेच ते मरू शकतं. त्याबद्दल खाली सविस्तर.

पण रोडावलं म्हणजे उपाशीच ठेवलं, असं नाही. आरोप करण्याआधी तीन-चार गोष्टी बघा. दावणीखाली हिरव्या चाऱ्याचे चघळून टाकलेले ओले गोळे पडले असतील तर चारा मिळतोय, पण चावता येत नाही: दाढा गेल्या आहेत किंवा धारदार झाल्या आहेत. मे महिन्यातसुद्धा अंगावर लांब, कुरळे केस असतील, पोट लोंबतं आणि पाठ बसलेली असेल तर पंधरा वर्षांवरच्या तट्टात कुशिंगचा (मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या आजाराचा) संशय घ्यावा. त्याची रक्ततपासणी होते आणि रोजच्या गोळीने ते आटोक्यात राहतं. अधूनमधून येणारा ताप, पाय आणि पोटाखाली सूज, फिकट हिरड्या आणि चांगलं खाऊनही खंगणं ही सऱ्याची (रक्तातल्या परजीवीच्या रोगाची) लक्षणं. तो रोग चावऱ्या माशांमुळे पसरतो, आणि पावसाळ्यात व त्यानंतर गोठ्यात अशा माश्या भरपूर असतात. यांपैकी काही निघालं तर दोष अज्ञानाचा, फार तर हयगयीचा. तरी जनावर परत आणायचंच, बोलण्याचा सूर तेवढा बदलायचा.

वयाबद्दलही खातरी करून घ्या, कारण सांभाळणारा "ते अजून पंधराचं आहे" म्हणून कामाला लावत असतो. वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या पटाशीच्या दातावर एक तपकिरी उभी खाच असते. साधारण दहाव्या वर्षी ती हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यावर येते, विसाव्या वर्षी खालपर्यंत पोचते, मग वरून पुसत जाऊन तिशीत नाहीशी होते. वर्षाच्या हिशेबात ही खूण चुकते, पण पंधरा आणि बावीस यांतला फरक तिच्यावरून बहुतेकदा कळतो.

आता चाऱ्याचा हिशेब, कारण वाद हमखास इथे होतो. "रोज दहा किलो हिरवा चारा घालतो" हे वाक्य ऐकायला भरघोस वाटतं. ओल्या गवतात सुमारे ऐंशी टक्के पाणी असतं. दहा किलो हिरव्यातून सुका भाग निघतो दोन किलो. २४० किलोच्या तट्टाला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो, म्हणजे साडेतीन ते पावणेपाच किलो. सांभाळणारा खोटं बोलत नसतो. तो निम्मं खायला घालत असतो आणि त्याला ते माहीत नसतं. वर हत्ती गवतात ऑक्सलेट जास्त, ते कॅल्शियम अडवून ठेवतं. जोडीला गव्हाचा कोंडा दिला की त्यातला फॉस्फरस उरलेला तोल बिघडवतो. वर्षभर हत्ती गवत आणि कोंडा एवढ्यावरच ठेवलेल्या घोड्याच्या चेहऱ्याची हाडं फुगतात आणि तो लंगडतो.

तिथल्या पोत्यांवर काय छापलंय तेही वाचा. कोंबड्यांच्या खाद्यात आणि काही जनावरांच्या खाद्यांत मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती चालतात, घोड्याचं हृदय त्यांनी निकामी होतं. किनाऱ्यावरच्या तट्टाला पर्यटक पाव, बिस्किटं, केळी भरवतात. पोदेराचा (पाववाल्याचा) गरम पाव माणसाला कितीही प्यारा असो, म्हाताऱ्या तट्टाला दिवसाला आठ-दहा पाव म्हणजे खूर तापण्याला निमंत्रण. चालताना पुढचे पाय आधी पुढे टाकून मागे रेलत असेल, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी ठणठण लागत असेल तर लॅमिनायटिस (खुराच्या आतला दाह) समजा. असं तट्टू डॉक्टरने पाहिल्याशिवाय गाडीत चढवू नका.

कागदाचं काय? लेखी करार नसला तरी कायदा मोकळा सोडत नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा गोव्यातही लागू आहे. त्याच्या कलम १५९ प्रमाणे फुकट वापरायला दिलेली वस्तू मालक केव्हाही परत मागू शकतो, मुदत ठरवून दिलेली असली तरी. मात्र त्या मुदतीच्या भरवशावर घेणाऱ्याने काही केलं असेल, आणि मुदतीआधी परत घेतल्याने त्याला झालेल्या फायद्यापेक्षा जास्त तोटा होत असेल, तर तेवढा जादा तोटा मालकाने भरायचा. कलम १५१ म्हणतं, स्वतःच्या मालाची घ्यावी तशी काळजी घे. कलम १५३ प्रमाणे ठरलेल्या अटींविरुद्ध वापर झाला तर व्यवहार तिथेच मोडता येतो. मुलांच्या हौसेसाठी दिलेलं तट्टू वरातीला लावणं हे त्याचं सरळ उदाहरण. घोडी असेल आणि तिथे शिंगरू झालं असेल, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास कलम १६३ प्रमाणे तेही तुमचं.

"चार वर्षं खाऊ घातलं, त्याचे पैसे ठेवा आणि घेऊन जा" हे तर ऐकावं लागतंच. याला उत्तर एकच नाही. त्याने तट्टू स्वतःच्या फायद्यासाठी वापरलं असेल तर रोजचा चारा त्याचा. पण तुम्ही केवळ ठेवून घ्यायला दिलं होतं आणि त्याला मोबदला मिळत नव्हता, तर कलम १५८ प्रमाणे आवश्यक खर्च तुमच्याकडे निघतो. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की सोय कुणाची झाली. प्रामाणिकपणे विचार केला तर उत्तर बहुतेकदा दोघांचीही असंच येतं, आणि तिथे थोडे पैसे देऊन, पावती घेऊन मोकळं होणं कोर्टापेक्षा कितीतरी स्वस्त. तट्टाचं बावीसावं वर्ष वकिलांच्या तारखांत घालवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

क्रौर्य स्पष्ट असेल, म्हणजे उघडी जखम असताना काम करून घेणं, चारा-पाणी न देणं, तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चं कलम ११ आहे आणि तक्रार पोलिसांत होते. पण तक्रार देण्याआधी जनावर बाहेर काढता येत असेल तर आधी काढा. तक्रारीनंतर दोन्ही बाजू ताठर होतात आणि तट्टू मध्ये अडकतं. रात्री जाऊन दावं सोडून आणण्याचा सल्ला देणारे उत्साही मित्रही भेटतात. असं केलंत तर चोरीच्या तक्रारीला उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

मालकी दाखवायला खरेदीची पावती, जुने फोटो, डॉक्टरांची जुनी बिलं गोळा करा. ओळखीसाठी अंगावरच्या केसांचे भोवरे सगळ्यात भरवशाचे. आपल्याकडे घोडा विकत घेताना भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ पाहतात, छातीवरचं देवमण असलं की किंमत चढते. त्या शास्त्रावर विश्वास असो वा नसो, कपाळ, मान आणि छातीवरचे भोवरे माणसाच्या अंगठ्यासारखे असतात आणि जन्मभर बदलत नाहीत. जुन्या आणि नव्या फोटोत ते जुळले की "हे तुमचं तट्टू कशावरून?" हा प्रश्न संपतो. रंग, पायांवरचे पांढरे पट्टे, जुने व्रणही लिहून ठेवा.

निरोप फोनवर देऊ नका, लिहून पाठवा. साधारण असा:

"नमस्कार भाऊ. तट्टाचं वय आता बावीस झालं. पावसाच्या आधी त्याला आमच्याकडे आणायचं ठरवलं आहे. रविवारी सकाळी सात वाजता डॉक्टरांना घेऊन येतो, दात आणि पाय बघून घेऊ. बुधवारी पहाटे गाडी आणतो. तुमचा काही खर्च राहिला असेल तर बिलं काढून ठेवा, बसून मिटवू. त्याला सध्या काय आणि किती घालता ते तेवढं लिहून द्या. इतकी वर्षं सांभाळलंत, आभारी आहे."

यात "न्यायचं का" असा प्रश्न कुठेही नाही, आरोपही नाही. वय आणि पाऊस ही दोन कारणं अशी आहेत की कुणाला त्यात अपमान वाटत नाही. वार आणि वेळ दिल्याने टाळाटाळ लेखी उघडी पडते. शेवटी खाण्याची चौकशी केली आहे ती नुसती सभ्यता नव्हे. पुढच्या दहा दिवसांचा सगळा बेत त्या उत्तरावर ठरतो. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी तोच मजकूर स्पीड पोस्टाने. आणि नेण्याच्या दिवशी "तट्टू आज रोजी परत दिलं-घेतलं, आपसांत येणं-देणं राहिलेलं नाही" एवढा कागद, दोघांच्या सह्या, एक साक्षीदार.

रविवारच्या भेटीत डॉक्टरांनी काय बघायचं? विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान ३७.२ ते ३८.३ सेल्सिअस. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हृदय, डोळे, दात, चारही खूर, आणि रक्ताचा नमुना. उन्हात अंग कोरडं ठेवून धापा टाकत असेल तर त्याचा घाम आटला आहे. दमट हवेत घोड्यांना हे होतं, आणि अशा जनावराचा प्रवास फक्त रात्री. गोव्यात घोड्यांची सवय असलेले डॉक्टर मोजकेच, म्हणून गुरांच्या डॉक्टरांना सोबत घेऊन पुणे, मुंबई किंवा बंगळूरच्या रेसकोर्सवर काम केलेल्या पशुवैद्याशी व्हिडिओ कॉल जोडून देणं हा चांगला मार्ग. राज्याची हद्द ओलांडायची असेल, दोडामार्गहून असो वा चोर्ल्यातून, तर सरकारी पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या सांसर्गिक रोगाच्या तपासणीचा अहवाल आधी हातात हवा. ग्लँडर्स माणसालाही होतो, आणि घोड्याला निघाला तर त्यावर उपचार करत नाहीत, जनावर मारावं लागतं. या तपासणीचं देशातलं मुख्य ठिकाण हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. नमुना जाऊन अहवाल यायचे दिवस हिशेबात धरा.

गाडी म्हणजे बहुधा पिकअप. तळाला काथ्याची जाड चटई, वर चार बोटं भाताचा तूस. नुसत्या पत्र्यावर म्हातारे पाय घसरतात आणि एकदा घसरलेलं तट्टू उरलेला सगळा रस्ता घामाघूम होतं. फळीच्या उतारावरून चढवण्यापेक्षा गाडीचा मागचा भाग शेताच्या बांधाला किंवा चिऱ्यांच्या ओट्याला टेकवा, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ एका पातळीत येतात. संधिवाताच्या गुडघ्यांना हा फरक फार मोठा. मागून ओरडणं, शेपटी पिरगाळणं बंद. पुढे तोबऱ्यात ओलं गवत, माणूस त्याच्या खांद्याशी, दोरी सैल, आणि वीस मिनिटं घाई न करण्याची तयारी. दोरीची गाठ एका ओढीत सुटणारी असावी. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत घोड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे: प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र, सोबत एक माणूस, घसरू नये अशी सोय, आणि मालवाहू वाहनाचा वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही. हायवेवर मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू दे. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नव्हे. दर दोन तासांनी थांबून पाणी. फेरीबोटीचा रस्ता शक्यतो टाळा. शेवाळलेला धक्का आणि इंजिनाचा थरथराट म्हाताऱ्या जनावराला सोसत नाही. खाणपट्ट्यातून येत असाल तर वाटेत ट्रकचा वजनकाटा लागेल. तिथे भरलेली गाडी एकदा आणि घरी उतरवल्यावर रिकामी एकदा वजन करा. काटा दहा-वीस किलोंच्या टप्प्यात दाखवतो, तरी टेपचा अंदाज ताडून पाहायला तेवढं पुरतं. उठून उभंच राहू न शकणारं जनावर मात्र गाडीत घालायचं नाही. त्याचे उपचार आहे त्या जागी सुरू करा.

आणि आता ते दहा दिवस.

घरी आल्यावर सगळ्यांची पहिली इच्छा म्हणजे भरपूर खायला घालायचं. भिजवलेले हरभरे, गूळ, भाकरी, आजीने केलेली पेज. गुण २ किंवा खाली असलेल्या तट्टाला याच प्रेमाने मारलेलं असतं, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास. कारण असं: उपाशी शरीर चरबी आणि स्नायू जाळून चाललेलं असतं. एकदम पिष्ट किंवा साखर मिळाली की इन्शुलिन उसळतं, आणि रक्तात आधीच तुटपुंजे उरलेले फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींत ओढले जातात. रक्तातली पातळी कोसळते. हृदय आणि श्वास थांबतात, आणि लोक म्हणतात, बिचारं घरी यायचीच वाट बघत होतं.

म्हणून चंदी, म्हणजे दाणा, बंद. फक्त सुका लसूणघास (ल्यूसर्न), कारण त्यात पिष्ट कमी आणि प्रथिनं, मॅग्नेशियम, फॉस्फरस बऱ्यापैकी असतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने उपाशी घोड्यांवर काम करून बसवलेली पद्धत २४० किलोच्या तट्टाच्या मापात आणली तर अशी होते. पहिले तीन दिवस दर चार तासांनी पाव किलो, रात्रीसुद्धा. दिवसाला दीड किलो. चौथ्या दिवशी दोन, पाचव्या दिवशी अडीच किलो, खेपा हळूहळू कमी. सहाव्या दिवसापासून दर आठ तासांनी एक किलो. दहा दिवसांनंतर चारा पोटभर. दहा दिवसांना एकूण चोवीस किलो लसूणघास लागतो, आणि तो गाडी ठरवायच्या आधी घरात असायला हवा. कोल्हापूर-बेळगावकडून गासड्या किंवा दाबून केलेली गोळी (पेलेट) मागवता येते. सोमवारी सांगितला आणि बुधवारी आला असं गोव्यात होईलच असं नाही. दात नसतील तर कुट्टी करून किंवा गोळी भिजवून लापशीसारखी द्या. कोरडी गोळी अधाशीपणे गिळली की अन्ननलिकेत बसते. नाकातून हिरवा फेस आला तर खाणं-पाणी काढून घ्या आणि डॉक्टरला बोलवा. स्वच्छ पाणी सतत समोर, आधीपासून भरून ठेवलेल्या दोन बादल्यांत, म्हणजे किती प्यालं ते कळतं. गारव्यात किलोमागे ५० मिली, म्हणजे बारा लिटर. मेच्या उकाड्यात याच्या दुप्पटही जाईल. लीद मोजा. बारा तास लीद नाही, किंवा लोळणं, कुशीकडे वळून पाहणं दिसलं तर वाट बघू नका.

गुण ३ किंवा ४ असेल तर एवढं कडक पथ्य नको, पण तिथे जे खात होतं त्यापासूनच सुरुवात करा आणि आठ-दहा दिवसांत बदला. घोड्याच्या आतड्यातले जीवाणू रातोरात नवी पंगत स्वीकारत नाहीत.

जंताचं औषध पहिल्याच दिवशी नको. अशक्त जनावरात एकदम खूप जंत मेले तर पोटशूळ होतो. लिदीची तपासणी करून दुसऱ्या आठवड्यात, खऱ्या वजनाप्रमाणे: आयव्हरमेक्टिन किलोमागे ०.२ मिलिग्राम, म्हणजे २१५ किलोला ४३ मिलिग्राम, तोंडावाटे. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचायचं नाही. धनुर्वाताची लस मात्र लगेच विचारा. खुरात गेलेला एक गंजका खिळा घोड्याला पुरतो.

किनाऱ्यावरून आणलेल्या तट्टाच्या पोटात वाळू असते. ताज्या लिदीचे सहा गोळे काचेच्या बरणीत पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, तळाला वाळूचा थर दिसेल. दहा दिवस उलटल्यावर डॉक्टरांच्या संमतीने इसबगोल, किलोमागे एक ग्राम, आठवडाभर. भिजवलेल्या खाण्यात अगदी शेवटी मिसळून लगेच पुढे ठेवायचा, नाहीतर चिकट गोळा होतो आणि तट्टू नाक मुरडतं.

खुरांना घाई नको. वर्षभर न कापलेले खूर एका दिवसात सरळ केले तर सांधे आणि स्नायूबंध ओढले जातात. नालबंदाला आधी फोटो पाठवा, पहिल्या खेपेला थोडं, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या पाणथळ शेतात, बांधलेल्या जनावराचे खूर कायम ओले राहून सडतात. खुराच्या तळातल्या खाचेत काळं, घाण वासाचं काही दिसलं तर रोज कोरून, धुऊन, पूर्ण कोरडं करून पातळ पोव्हिडोन आयोडीन लावा. मोरचूद लावणारे पुष्कळ आहेत. मेलेल्या भागापुरतं ठीक, जिवंत मांसाला ते जाळतं. पाठीवर केसांचे झुपके खपलीसकट निघत असतील तर तो पावसाळी संसर्ग, खरखरीत खराऱ्याने खपल्या ओरबाडून काढू नका. कोमट पाण्याने भिजवून, सुटतील तेवढ्याच काढा आणि अंग कोरडं राहील असा आडोसा द्या. चिऱ्याचा उंच ओटा, वर पत्रा किंवा झावळ्या, दोन बाजू उघड्या, पाणी वाहून जाईल असा उतार.

तीन आठवडे इतर जनावरांपासून दूर, वेगळी बादली, वेगळा खरारा. महिन्यानंतर वजन वाढवायला ताज्या खोबऱ्याची पेंड गोव्यात सोयीची आहे. पिष्ट कमी, तेलातून ताकद, आणि गिरणी जवळ. २०० ग्रामपासून सुरू करून अर्ध्या किलोपर्यंत, भिजवून. खवट किंवा बुरशीचा वास आला तर सगळं पोतं टाकून द्या, वरचा थर काढून उपयोग नाही. दर पंधरा दिवसांनी त्याच वारी, चंदीच्या आधी टेप लावा. खंगलेलं म्हातारं जनावर भरायला महिने लागतात. पहिल्या महिन्यात घेर दोन-तीन सेंटीमीटर वाढला तर काम बरोबर चाललं आहे.

एक गोष्ट सगळे विसरतात. तिथे त्याच्या शेजारी कोण बांधलेलं होतं? बहुतेक वेळा एखादी शेळी किंवा म्हातारी गाय असते, आणि घोड्याला दुसरा घोडा नसला की तो तिच्यावर जीव लावतो. नव्या जागी आल्यावर दिवसभर कुंपणाकडेने फेऱ्या, खिंकाळणं, खाण्याकडे पाठ, हे बघून लोक पोटशूळ समजतात. शेळी असेल तर रविवारीच तिची किंमत विचारून ठेवा. तट्टाच्या हिशेबात चार पैसे वर देऊन तीही घ्या, आणि बुधवारच्या गाडीत मध्ये बांबूचं आडवण घालून पुढच्या कप्प्यात तिला उभी करा. ती आधी चढली की तट्टू बहुतेकदा तोबरा न दाखवताच मागून चढतं.